‘सुरू झालं’ म्हणजे नेमकं काय?
पोस्टग्रेस सर्व्हिस म्हणून कसं चालवायचं हे शिकवणारे बरेच लेख सिस्टमडीच्या युनिट फाइलमध्ये ‘टाइप=सिंपल’ लिहून मोकळे होतात. माझा आक्षेप तिथेच आहे. सिंपलमध्ये प्रोसेस जन्माला आली की सिस्टमडी ‘सुरू झालं’ म्हणतं; डेटाबेस कनेक्शन घ्यायला तयार आहे का, हे बघतच नाही. मग त्याच्यानंतर लावलेली प्रयोगाची स्क्रिप्ट बंद दारावर आपटते. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतला नमुना ‘नोटिफाय’ वापरतो. ही सोय ९.६ आवृत्तीपासून आहे. तयार झाल्यावर डेटाबेस स्वतःच कळवतो. पण नुसती तेवढीच ओळ उचलू नका. सिस्टमडी एरवी ९० सेकंदच वाट बघतं. वीज गेल्यानंतरची रिकव्हरी त्याहून लांबली, तर ती अर्ध्यातच मारली जाते. म्हणून नमुन्यातलं ‘टाइमआउटसेक=इन्फिनिटी’सुद्धा हवंच.