असदुल्लाची सही आणि बेनाम म्यान

इराणी समशेरीविषयी लिहिणारे बहुतेकजण एका नावापाशी येऊन थांबतात: ‘अमल-ए-असदुल्ला इस्फहानी’, म्हणजे इस्फहानच्या असदुल्लाचे काम. पात्यावर सोन्याच्या तारेने जडवलेली ही अक्षरे दिसली की लिलावातली बोली चढते. परंपरा हे नाव पहिल्या शाह अब्बासच्या कारकिर्दीशी (१५८८ ते १६२९) जोडते. पण त्या सहीच्या पात्यांवर कोरलेली हिजरी वर्षे एका माणसाच्या आयुष्यात मावत नाहीत. मग अभ्यासक ‘अस्सल’ आणि ‘बनावट’ अशी वाटणी करत बसतात.

मला तो प्रश्नच तोकडा वाटतो. ‘नामा म्हणे’ ही मुद्रा असलेले सगळे अभंग एकाच नामदेवाचे नाहीत. म्हणून विष्णुदास नामाला आपण भामटा म्हणत नाही. असदुल्लाचे नावही पुढे दर्जाची खूण झाले असावे. (केवळ भावासाठी नाव उठवणारे होतेच, ते कुठे नसतात!)

पात्यावर दुसरीही एक सही असते, तिला म्हणतात जोहर. मुशीत वितळवलेल्या पोलादात कर्ब सुमारे दीड टक्का असतो. ते घडवताना आत कठीण कार्बाइडचे पट्टे धरतात आणि पाते द्रावणाने धुतले की ते पाण्यावरच्या तरंगांसारखे उमटतात. हे पोलाद दख्खनमधूनही जाई. आजच्या तेलंगणातल्या कोनासमुद्रमला इराणी व्यापारी ते घेण्यासाठी येत, असे हेन्री व्हॉयसीच्या १८३२ साली छापलेल्या टिपणात आहे. तिथल्या भट्टीवाल्यांचे नाव कुठल्याच पात्यावर नाही.

म्यान करणाऱ्याचेही सहसा नसते. सूचीत त्याच्या वाट्याला एक ओळ येते: ‘लाकडी, काळ्या चामड्याने मढवलेले’. वास्तविक लाकडाच्या दोन फाका त्या एका पात्याच्या बाकानुसार कोरून जोडायच्या, वर दाणेदार चामडे ताणून शिवायचे, कमरेला टांगण्यासाठी दोन कड्या बसवायच्या, हे काम मापाचे असते. लाकूड-चामडे कुजते, म्हणून एकच पाते दोन-तीन म्याने पाहते. पण शेवटचे म्यान त्याच्या शेवटच्या धन्याविषयी पात्यापेक्षा जास्त सांगते.

मी पाहिलेल्या एका समशेरीखालच्या पाटीवर असदुल्ला होता, शतकही होते. शेजारी ठेवलेल्या म्यानाचा बाक पात्यापेक्षा चांगलाच खोल होता. ते पाते त्यात अर्धेही गेले नसते. पाटीवर त्याविषयी अक्षर नव्हते. ज्या पात्यासाठी ते म्यान कोरले, ते कुठे आहे, हे तिथल्या माणसाला विचारले, तेव्हा त्याने मला पुन्हा सही दाखवली.