वसतिगृह आणि मराठी साहित्य

मराठी कादंबरीत महाविद्यालयाचा प्रवेश होऊन फार दिवस झाले. त्यातील व्याख्यानगृह, ग्रंथालय, टेनिसचे मैदान आणि स्नेहसंमेलन ही स्थळे फडके-युगापासून वाचकांच्या चांगली परिचयाची आहेत. परंतु ज्या इमारतीत विद्यार्थी झोपतो, जेवतो, भांडतो, रात्र रात्र जागून गप्पा मारतो, ते वसतिगृह मात्र आपल्या साहित्यात फार उशिरा आले, आणि आले तेव्हाही टीकाकारांचे त्याकडे जावे तितके लक्ष गेले नाही. या उपेक्षेचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चरित्रग्रंथांत वसतिगृह आढळते, पण ते थोर पुरुषाच्या आयुष्यातील एक पायरी म्हणून. टिळक आणि आगरकर यांची डेक्कन कॉलेजातील चर्चा आपण वाचतो, ती १८८० च्या जानेवारीत निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलचे बीज त्या चर्चेत होते म्हणून. फर्ग्युसनच्या वसतिगृहातून सावरकरांना १९०५ साली विदेशी कापडाच्या होळीपायी बाहेर पडावे लागले, हेही आपणांस ठाऊक असते, ते पुढील इतिहासामुळे. त्याच इमारतींत राहून ज्यांचे पुढे काही विशेष झाले नाही, अशा शेकडो मुलांचे काय, हा प्रश्न चरित्रकाराचा नव्हे. तो कादंबरीकाराचा आहे.

वसतिगृहाचा मूळ प्रश्न सहवासाचा असतो. कोणाबरोबर राहावयाचे, हे ठरवावे कोणी? अमेरिकेतील विद्यापीठांत ग्रीक अक्षरांची नावे धारण करणारी विद्यार्थ्यांची बंधुमंडळे आहेत. १७७६ साली निघालेले ‘फाय बीटा कॅपा’ हे त्यांतील आद्य मानले जाते. ते पुढे विद्वत्तेचा गौरव करणारी संस्था बनले. पण त्याच्या मागून आलेली अनेक मंडळे स्वतंत्र घरे घेऊन कुटुंबासारखी राहू लागली. तेथे जुने सभासद नव्याची निवड करतात. आपल्याकडे कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले, आणि शाहू महाराजांच्या आश्रयाने जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह निघाले. शिक्षणाचे दार ज्यांना बंद होते त्यांना ते त्यामुळे उघडले, हे उपकार थोर आहेत. पण तेथे सोबती ठरत असे तो जन्माने. महाविद्यालयाच्या वसतिगृहात हे काम रेक्टरची यादी करते. मित्रांनी निवडलेला सोबती, जन्माने मिळालेला सोबती आणि यादीने गाठ घातलेला सोबती, असे हे तीन प्रकार. यांपैकी तिसऱ्या प्रकाराचे जग मराठीत खऱ्या अर्थाने प्रथम उभे केले ते भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने.

‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्याविषयी जे लिहिले गेले, त्यात परात्मता, अस्तित्ववाद, पाश्चात्त्य प्रभाव आणि भाषेतील बंडखोरी यांची चर्चा विपुल आहे. ती चर्चा व्यर्थ होती असे म्हणवत नाही. पण खानदेशातील एका सुखवस्तू शेतकऱ्याचा मुलगा पुण्याच्या वसतिगृहात येऊन राहतो, ही या कादंबरीतील साधी आणि मूलभूत घटना तीत हरवून गेली. पांडुरंग सांगवीकर एकाकी आहे खरा. परंतु त्याचे एकाकीपण अरण्यातील नव्हे, गर्दीतील आहे. वादसभेचे चिटणीसपद, स्नेहसंमेलनातील नाटक, मित्रांसाठी सढळ हाताने केलेला खर्च, या सर्व धडपडींतून त्याला हवे असते ते एकच : आपण या मंडळींतले व्हावे. मंडळी त्याचा पैसा घेतात, श्रम घेतात आणि त्याला बाहेरच ठेवतात. वडिलांशी त्याचा जो दीर्घ संघर्ष चालतो, त्याचेही एक मूळ येथेच आहे. वडिलांना खर्चाचा हिशेब कळतो. तो खर्च कशासाठी झाला हे मुलगा सांगू शकत नाही, कारण ते त्यालाही पुरते उमगलेले नसते.

या कादंबरीच्या भाषेचे रहस्यही येथेच शोधले पाहिजे. ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे तिच्यातील शब्द एकेकाळी महाराष्ट्रभर तरुणांच्या तोंडी झाले. ही नुसती लकब नव्हे. वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकास ही बोली ओळखीची वाटेल. गंभीर गोष्ट सरळ बोलावयाची नाही. बोललीच तर तिला ‘वगैरे’चे शेपूट लावून तिची धार काढून टाकावयाची, म्हणजे कोणी आपली थट्टा करण्याआधी आपणच ती केलेली बरी. ही बोली म्हणजे एक चिलखत आहे. आणि म्हणूनच धाकटी बहीण मनी हिच्या मृत्यूचे प्रकरण इतके जिव्हारी लागते. तेथे हे चिलखत पुरे पडत नाही. ज्या बोलीत शोक करण्याची सोय नाही, त्या बोलीत वाढलेल्या मुलावर शोकाचा प्रसंग येतो, आणि त्याचे वाक्य मोडून पडते. मराठी गद्यात असे प्रसंग थोडे आहेत.

‘कोसला’ची मर्यादाही सांगितली पाहिजे. सारे काही पांडुरंगाच्या नजरेने दिसत असल्यामुळे भोवतालच्या मुलांना स्वतःचे असे अंतरंग क्वचितच मिळते. त्यांच्यापैकी एखाद्यालाही पांडुरंगासारखेच एकटे वाटत असेल, ही शक्यता कादंबरी फारशी विचारात घेत नाही. शिवाय पदवीवाचून गावी परतला तरी पांडुरंगाच्या घरी शेती आहे, अन्न आहे. परतण्यास ज्याला घरच नाही, त्याचे वसतिगृह कसे असते?

याचे उत्तर पंधरा वर्षांनी आले. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यातील संगमनेरचे बोर्डिंग ‘कोसला’शेजारी ठेवून वाचावे. येथे वसतिगृह म्हणजे प्रथम दोन वेळचे जेवण आणि अभ्यासाला जागा. ‘कोसला’त अन्नाची चिंता नाही, पण जगण्याला प्रयोजन सापडत नाही, ‘बलुतं’मध्ये शिकण्याचे प्रयोजन आहे, पण ज्या समाजातून आलो त्याची लाज आणि जेथे जावयाचे त्या समाजाची भीती, यांच्या कात्रीत मन सापडले आहे. एकाला गावाकडून आलेला पैसा जड होतो, दुसऱ्याला गाव स्वतःच जड होते. ही दोन पुस्तके आपल्या अभ्यासक्रमांत वेगवेगळ्या खणांत ठेवली जातात. एक ‘नवकादंबरी’ म्हणून, दुसरे ‘दलित आत्मकथन’ म्हणून. वस्तुतः दोन्ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत : घर सोडलेल्या मुलाला दुसरे घर मिळते काय?

दोन्ही पुस्तकांचे उत्तर जवळजवळ नकारार्थी आहे. ते प्रामाणिक असल्याने आपण ते मान्य केले पाहिजे. परंतु इतिहासात याचे होकारार्थी उत्तरही घडून गेले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले. जन्माने ठरणारा सोबती म्हणजे काय, हे त्यांनी आतून पाहिले होते. १९२४ साली साताऱ्यास त्यांनी छात्रालय काढले ते सर्व जातींच्या मुलांसाठी, आणि १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. एका छपराखाली राहावयाचे, एका पंक्तीत जेवावयाचे, आणि कामेही आपणच करावयाची, असा तेथला रिवाज. मुलांच्या मुखी अन्न पडावे म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. तेथील सोबती यादीने वा जन्माने नव्हे, तर समाईक कामाने ठरत होता. या अनुभवावर चरित्रे झाली, गौरवग्रंथ झाले. पण ‘कोसला’च्या तोडीची कादंबरी त्याला लाभली नाही. दुःखाला मराठीत कलावंत मिळाला, सहजीवनाला केवळ गौरवकार मिळाले. हे आपल्या साहित्यातील खरे न्यून होय, असे मला वाटते.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही, म्हणून तो येथे मांडीत आहे. आमच्या इंदुरात होळकर महाविद्यालय १८९१ साली निघाले, तेव्हापासून माळव्यातील मुले शिक्षणासाठी या शहरात येत आहेत. आज भंवरकुवा भागात स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांची आणि त्यांच्या आधाराने उभ्या राहिलेल्या खासगी वसतिगृहांची दाटी झाली आहे. तेथे कित्येक मुलांचा डबा खोलीच्या दाराशी येतो, आणि शेजारच्या खोलीतील मुलगा सोबती नसून त्याच परीक्षेतील प्रतिस्पर्धी असतो. रेक्टरची यादीही उरली नाही. भाड्याची पावती तेवढी उरली. शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांचे पालक मला विचारतात, “सर, तिकडे जेवणाची सोय कशी आहे?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी देऊ शकतो. मुलगा जेवेल कोणाबरोबर, हे मात्र अद्याप मला कोणी विचारलेले नाही.

अध्यापकबंधूंना एवढेच सुचवावेसे वाटते की, शेवटच्या वर्षातील मुलांच्या हाती ‘कोसला’ आणि ‘बलुतं’ ही पुस्तके एकत्र द्यावीत, आणि ती वाचून झाल्यावर साताऱ्याच्या छात्रालयाची हकीकत त्यांना सांगावी. पहिल्या दोहोंतून त्यांना पुढे येणाऱ्या एकटेपणाची ओळख होईल. तिसरीतून तो एकटेपणा अटळ नाही, हे कळेल. आणि त्यांच्यापैकीच कोणी पुढे ती न लिहिली गेलेली कादंबरी लिहील, तर मराठी साहित्याचे एक जुने देणे फिटेल.