आरंभाची साक्ष आणि शेवटाचा पुरावा : ‘सेव्हिंग सॅमी’ या मातृकथनाची चिकित्सा

प्रास्ताविक

आजारपणाचे आत्मकथन हा वाङ्मयप्रकार गेल्या काही दशकांत जगभर रुजला आहे. रुग्ण स्वतः लिहितो तेव्हा त्याच्या अनुभवाचे प्रामाण्य सहसा कोणी नाकारत नाही. रुग्ण लहान मूल असेल आणि आजार मनाचा मानला जात असेल, तर मात्र निवेदनाचे काम आईवडिलांकडे येते. त्यांना साक्षीदार व्हावे लागते, मुलाची बाजू मांडणारा वकील व्हावे लागते आणि पुष्कळदा संगोपनात चूक केल्याचा आरोपही सोसावा लागतो. अमेरिकेतील मेन राज्यात राहणाऱ्या बेथ ॲलिसन मॅलोनी यांचे २००९ साली प्रसिद्ध झालेले ‘सेव्हिंग सॅमी’ हे पुस्तक या प्रकारातील एक ठळक उदाहरण होय. लेखिका व्यवसायाने वकील आहेत, ही बाब पुस्तकाच्या रचनेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

प्रस्तुत लेखात या पुस्तकाच्या कथनरीतीची चिकित्सा केली असून, अशा कथनाने नेमके काय सिद्ध होते आणि काय सिद्ध होत नाही, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवला आहे. हा प्रश्न केवळ वाङ्मयीन नाही. आपल्या मुलासाठी उपचार शोधणारे आईवडील अशी पुस्तके वाटाड्या म्हणून वाचतात आणि त्यांच्या आधारे निर्णय घेतात.

आजार आणि त्याचे नाव

एखादा विचार मनात पुन्हा पुन्हा घुसणे आणि त्यातून येणारी अस्वस्थता शमवण्यासाठी तीच ती कृती करीत राहणे, या विकाराला इंग्रजी आद्याक्षरांवरून ओसीडी म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘मंत्रचळ’ हा शब्द रूढ आहे. बहुतेक मुलांत हा विकार हळूहळू वाढतो. मात्र काही मुलांत तो एक-दोन दिवसांत, जणू दार धाडकन उघडावे तसा प्रकट होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील डॉ. सुसान स्वीडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अशा पन्नास मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले व या अवस्थेला ‘पॅन्डास’ हे नाव दिले. घशाला होणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूच्या संसर्गानंतर शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती चुकून मेंदूतील बेसल गँग्लिया या भागावर आघात करतात, असे हे गृहीतक होते. सिडनहॅम कोरिया या जुन्या, परिचित आजारात याच जिवाणूनंतर हातापायांच्या अनैच्छिक हालचाली होतात आणि त्या रुग्णांतही मंत्रचळाची लक्षणे दिसतात. या निरीक्षणातून गृहीतकाची वाट निघाली. पुढे २०१२ साली कारणाचा आग्रह बाजूला ठेवून ‘पॅन्स’ ही व्यापक संज्ञा मांडली गेली. तीत स्ट्रेप्टोकोकसचा संबंध दाखवण्याची अट नाही; लक्षणांचा आकस्मिक आणि तीव्र आरंभ हा मुख्य निकष आहे.

‘लागण’ या शब्दाचे सामर्थ्य

पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीच्या उपशीर्षकात, ओसीडीची ‘लागण’ झालेल्या मुलाला बरे करण्याची ही कहाणी आहे, अशा अर्थाची शब्दयोजना आहे. सर्दी, गोवर, कांजिण्या यांची लागण होते. स्वभावाची किंवा संस्काराची होत नाही. या एका क्रियापदाने आजार मुलाच्या व्यक्तिमत्त्वातून बाहेर काढला जातो आणि आईच्या पदरातूनही. त्यामागे अमेरिकी मानसोपचाराचा एक इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास मुलांच्या मनोविकारांचा दोष मातेच्या वर्तनाला देण्याची प्रथा तेथे प्रबळ होती. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या १९६७ सालच्या ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’ या ग्रंथाने स्वमग्नतेच्या संदर्भात भावशून्य मातेची कल्पना लोकप्रिय केली. ती कल्पना पुढे पूर्णतः त्याज्य ठरली. ज्या समाजात आईला असे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले गेले, तेथे जिवाणू हे कारण निर्दोष मुक्ततेच्या निकालासारखे वाटावे, हे स्वाभाविक आहे.

मराठी शब्दाकडे याच दृष्टीने पाहता येते. ‘मंत्रचळ’ या शब्दातही एक कारणकथा दडलेली आहे : मंत्राच्या अतिरेकाने वा चुकीने लागलेला चळ. म्हणजे दोन्ही भाषांत नावच निदान सांगू पाहते. एक नाव दोष साधकाकडे नेते, दुसरे जिवाणूकडे. पालकांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण दोष कोणाचा यावर पुढे दार कोणाचे ठोठवायचे, हे ठरते.

कथानकाचा घाट

पुस्तकाचे कथानक थोडक्यात असे : २००२ साली बारा वर्षांचा, अभ्यासात हुशार मुलगा घर बदलण्याच्या सुमारास विचित्र वागू लागतो. साध्या दैनंदिन क्रियाही त्याला अशक्य होतात. ओसीडीचे आणि पुढे टुरेट सिंड्रोमचे निदान होते. मानसोपचाराच्या नेहमीच्या वाटेने अपेक्षित गुण येत नाही. अशा वेळी एका परिचित स्त्रीकडून स्ट्रेप्टोकोकसचा दुवा आईच्या कानी पडतो. मुलाचा घसा कधी दुखलेला नसतानाही रक्तात प्रतिपिंडांचे प्रमाण वाढलेले आढळते. प्रतिजैविकाचा दीर्घ उपचार सुरू होतो आणि मुलगा क्रमाने सावरतो.

हा घाट शोधकथेचा आहे. गुन्हा घडलेला आहे, अधिकारी चुकीच्या दिशेने तपास करीत आहेत, एकाकी शोधक दुर्लक्षित धागा पकडते आणि अखेरीस गुन्हेगार सापडतो. वकिलीचा संस्कार येथे जाणवतो : प्रत्येक प्रकरण पुराव्याच्या क्रमाने पुढे सरकते आणि वाचक न्यायाधीशाच्या खुर्चीत बसतो. या रचनेमुळे पुस्तक विलक्षण वाचनीय झाले आहे. मात्र शोधकथेच्या शेवटी गुन्हेगार सापडलाच पाहिजे, हा त्या प्रकाराचा नियम आहे. आजाराला असा कोणताही नियम बंधनकारक नाही.

आरंभाची साक्ष

या कथनाचा सर्वांत भक्कम भाग त्याचा आरंभ आहे, आणि वैद्यकानेही त्याकडे आदराने पाहावे असा तो आहे. पॅन्सचा मुख्य निकष आरंभाची आकस्मिकता हा असून ती मोजणारे कोणतेही यंत्र नाही. रक्ततपासणी आणि मेंदूचे चित्रण यांतून ‘परवापर्यंत हे मूल असे नव्हते’ ही माहिती मिळत नाही. ती फक्त घरातल्या माणसांकडे असते. डॉक्टर मुलाला पहिल्यांदा पाहतो तेव्हा आजार सुरू झालेला असतो; आधीच्या मुलाचे स्मरण आईवडिलांपाशीच असते. त्यामुळे येथे कथन हे पुराव्याला जोडलेले अलंकरण राहत नाही. ते स्वतःच नैदानिक सामग्री ठरते. कोणत्या आठवड्यात झोप बिघडली, कधी अक्षर बदलले, कोणत्या दिवशी मुलाने जेवणाचे ताट दूर सारले, हा तपशील जितका काटेकोर, तितके निदान विश्वासार्ह होते. ‘आई आहे, वाढवून सांगत असेल’ असे म्हणून ही साक्ष मोडीत काढणारा चिकित्सक स्वतःच्याच मुख्य साधनाला मुकतो. मॅलोनी यांच्या पुस्तकाचे टिकाऊ मोल या भागात आहे.

अर्थात साक्षीलाही मर्यादा असते. शेवट ठाऊक झाल्यावर लिहिलेला आरंभ अधिक धारदार होतो; पुसट खुणा मागाहून ठळक दिसू लागतात. म्हणून घटनेच्या वेळीच केलेली तारखेसह नोंद ही मागाहून लिहिलेल्या आठवणीपेक्षा नेहमीच श्रेष्ठ ठरते.

शेवटाचा पुरावा

कथनाचा शेवट मात्र याच विश्वासाने स्वीकारता येत नाही. औषध दिले आणि मूल बरे झाले, या दोन घटनांचा क्रम आई सांगू शकते. त्यांतील कार्यकारणभाव एका घराच्या कथेतून सिद्ध होत नाही. याची तीन कारणे संभवतात. पहिले, हा आजार चढ-उतारांचा आहे. सर्वांत कठीण काळात नवा उपचार सुरू केला जातो, आणि सर्वांत कठीण काळानंतर उतार येणे हे आजाराच्या स्वभावातच असू शकते. दुसरे, शाळकरी वयात स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग अतिशय सामान्य असून त्यानंतर प्रतिपिंडे अनेक महिने वाढलेली राहतात. म्हणजे रक्तातील वाढीव आकडा संसर्ग होऊन गेला एवढेच सांगतो. लक्षणे त्यामुळेच झाली, हे सांगत नाही. तिसरे, ज्या घरांत हाच उपचार करूनही गुण आला नाही, त्यांची पुस्तके सहसा निघत नाहीत.

नियंत्रित प्रयोगांचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. प्लाझ्मा एक्स्चेंज, म्हणजे रक्तातील द्रवभाग काढून बदलणे, आणि शिरेतून दिले जाणारे इम्युनोग्लोब्युलिन या दोन उपचारांची तीत परीक्षा होती. सुमारे तीस मुलांच्या त्या प्रयोगात दोन्ही उपचारांनी महिन्याभरात लक्षणीय सुधारणा दाखवली. पालकांच्या आशेला तेथे शास्त्रीय आधार मिळाला. २०१६ साली पस्तीस मुलांवर इम्युनोग्लोब्युलिनची पुन्हा परीक्षा झाली. सहा आठवड्यांनंतर औषध घेतलेल्या मुलांत सरासरी २४ टक्के आणि औषधविरहित द्रावण घेतलेल्या मुलांत १२ टक्के सुधारणा आढळली; हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक ठरला नाही. पहिला प्रयोग खोटा व दुसरा खरा, असा याचा अर्थ नव्हे. काही मुलांना लाभ होत असावा, परंतु ती मुले आधी ओळखण्याची खात्रीशीर खूण अद्याप हाती नाही, एवढेच यातून म्हणता येते. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ च्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या अहवालातही निदानासाठी एकही निर्णायक चाचणी नसल्याचे मान्य केले आहे.

दरम्यान कथनांचा प्रभाव ग्रंथालयाबाहेर पोहोचला. इलिनॉय राज्याने २०१७ साली या विकारांवरील उपचारांचा, इम्युनोग्लोब्युलिनसह, विम्यात समावेश करणे कायद्याने बंधनकारक केले. ज्या घराला हा खर्च झेपत नव्हता, त्याला दिलासा मिळाला, हे निःसंशय. तथापि प्रयोगशाळेतील अनिश्चितता कायम असताना विधिमंडळात निश्चितता आली, हेही नोंदवावे लागते.

शोधकथेच्या घाटाचा आणखी एक परिणाम असा की, सावकाश गुण देणारे नेहमीचे उपचार वाचकाला फिके वाटू लागतात. २००४ साली ओसीडी असलेल्या ११२ मुलांच्या अभ्यासात वर्तनोपचार आणि सर्ट्रालिन हे औषध यांची जोड दिलेल्या गटातील निम्म्याहून अधिक मुले जवळजवळ लक्षणमुक्त झाली. त्या मुलांची निवड आकस्मिक आरंभाच्या निकषावर झालेली नव्हती, ही मर्यादा खरी. तरीही भीतीला थोडे थोडे सामोरे जाऊन कृती रोखून धरण्याचा सराव आकस्मिक आरंभ झालेल्या मुलांनाही सुचवला जातो. कारण जिवाणू असो वा नसो, लक्षणांशी झुंजण्याचे हे साधन मुलाच्या हाती राहते. त्यात उत्कंठावर्धक असे काही नसते, म्हणून त्याची कथा होत नाही.

भारतीय वाचकाच्या दृष्टीने

भारतात या पुस्तकाचे वाचन अधिक सावधपणे व्हावयास हवे. स्ट्रेप्टोकोकसनंतर होणारा ऱ्हुमॅटिक ताप आणि त्याने होणारा हृदयाच्या झडपांचा विकार भारतात अद्याप अस्तित्वात आहे. अशा मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी, कित्येक वर्षे पेनिसिलिनचे इंजेक्शन देणे हा सिद्ध आणि आवश्यक उपचार होय. जिवाणू तोच, औषधांचा वर्ग तोच. त्यामुळे मंत्रचळासाठीही तसेच दीर्घकाळ प्रतिजैविक द्यावे, असा निष्कर्ष सहज निघू शकतो. पण एका ठिकाणी पुरावा भक्कम आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो अपुरा आहे. उलट बाजूने, मंत्रचळाबरोबर हातापायांच्या अनैच्छिक हालचाली दिसत असतील, तर सिडनहॅम कोरियाची शक्यता लक्षात घेऊन हृदयाची तपासणी करणे येथे अगत्याचे ठरते.

महाराष्ट्रात दुसराही एक धोका संभवतो. आकस्मिक पालट झालेल्या मुलाविषयी ‘बाहेरची बाधा’ हे स्पष्टीकरण आजही तयार असते. जी आकस्मिकता चिकित्सकाला निदानाकडे नेते, तीच घराला देवऋषाच्या दारी नेऊ शकते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले. मात्र कायदा मारहाण थांबवू शकतो. रिकामी झालेली स्पष्टीकरणाची जागा भरू शकत नाही. आजार मेंदूशी निगडित असू शकतो, त्यात मुलाचा वा आईचा दोष नाही, हे सांगणारी ‘सेव्हिंग सॅमी’सारखी कथने ती जागा काही अंशी भरतात. या मर्यादेत त्यांचे स्वागत करावयास हवे.

समारोप

‘सेव्हिंग सॅमी’ हे पुस्तक आईच्या चिकाटीची गाथा म्हणून वाचले गेले आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच्या दोन टोकांना दोन वेगळे निकष लावणे आवश्यक आहे. आजार कसा सुरू झाला, याविषयी आईचा शब्द अंतिम नसला तरी अनिवार्य आहे. आजार कशाने गेला, याविषयी तो शब्द एक शक्यता सुचवतो. तिची परीक्षा अनेक मुलांवरील तुलनात्मक प्रयोगांनीच होऊ शकते. वैद्यक पहिल्या टोकाला पुरेसे ऐकत नाही आणि वाचक दुसऱ्या टोकाला गरजेपेक्षा अधिक विश्वास ठेवतो. या दोन चुकांची किंमत त्याच मुलाला मोजावी लागते : एकीकडे निदान लांबते, दुसरीकडे अपुऱ्या आधाराचे, महागडे आणि क्वचित अपायकारक उपचार त्याच्या वाट्याला येतात. उपचारांच्या शोधात निघालेल्या पालकांना हे पुस्तक देताना ‘पूर्वार्ध जपून ठेवा, उत्तरार्ध डॉक्टरांसमोर प्रश्न म्हणून मांडा’ एवढे सांगणे, हे समीक्षेचे कर्तव्य ठरते.