खरपूस आणि करपट

‘आस्वाद’ हा शब्द मराठी समीक्षेने कवितेसाठी आणि कादंबरीसाठी इतका राबविला, की तो मुळात जिभेचा शब्द आहे याचेच विस्मरण झाले. गेल्या हिवाळ्यात नामपल्लीतील एका जुन्या मराठी घरी तो मूळ ठिकाणी तपासून पाहण्याची संधी आम्हांला मिळाली. शिकागोहून आलेल्या पुतण्याने दोन बाटल्या आणल्या होत्या. दोन्हींत व्हिस्कीच्या रिकाम्या पिंपात मुरविलेली काळी बिअर होती. १९९५ ते १९९७ या दारूबंदीच्या काळात ज्या दिवाणखान्यात ‘बाटली’ हा शब्दही दबक्या आवाजात उच्चारला जाई, तेथेच ही बैठक बसली. आबकारी भवनही नामपल्लीतच आहे, हा योगायोग वाचकांनी मनावर घेऊ नये.

प्रथम वस्तूविषयी. अमेरिकी कायद्याप्रमाणे बोर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते. एकदा वापरलेले पिंप बोर्बनच्या उपयोगाचे राहत नाही. त्यांतील पुष्कळशी स्कॉटलंडला जातात; बंगळुरूच्या जगदाळे घराण्याची ‘अमृत’ही ती वापरते. १९९०च्या दशकात शिकागोच्या गूज आयलंड या कारखान्याने अशा पिंपांत स्टाउट, म्हणजे भाजलेल्या जवाची काळी बिअर, भरून पाहिली आणि ‘बोर्बन काउंटी’ हे नाव या प्रकाराचा मानदंड होऊन बसले. पिंप सुमारे २०० लिटरचे, मुक्काम अनेक महिन्यांचा. लाकडात शिरलेली व्हिस्की हळूहळू बिअरमध्ये उतरते. लाकूड स्वतः व्हॅनिलाचा आणि खोबऱ्याचा गंध देते. अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास जाते. तेव्हा हा पेल्याने नव्हे, घोटाने घ्यावयाचा पदार्थ.

या क्रियेला मराठीत ‘मुरणे’ हा शब्द तयार आहे आणि त्यातच कसोटीही आहे. लोणचे मुरते तेव्हा मीठ-मोहरी कैरीत शिरते. कैरी मात्र कैरीच राहते. पिंपात मुरलेली बिअर बिअर राहिली आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही विचारावयाचे ठरविले.

पहिली बाटली ‘बोर्बन काउंटी’ची. पुतण्याने वहीत इंग्रजीत टिपणे केली: चामडे, तंबाखू, मनुका, कोको. ती खोटी नव्हती; पण ती साम्यांची यादी होती, निवाडा नव्हता. निवाडा केला तो नव्वदीच्या घरातील आमच्या आत्याबाईंनी. त्यांनी घोट घेतला नाही, नुसता पेला नाकाशी धरला आणि म्हणाल्या, “काकवी आहे, कढईच्या तळाची. पण लागलेली नाही.”

या ‘लागलेली नाही’मध्ये स्टाउटचे सारे शास्त्र आले. जव किती भाजावा, येथेच या बिअरचे यश ठरते. भाजका, खरपूस, करपट या तीन पायऱ्या आमच्या स्वयंपाकघरात कोणासही समजावून द्याव्या लागत नाहीत. पहिल्या पेल्यातील जव खरपूस होता, आणि पिंपाची व्हिस्की त्याच्या मागे उभी होती.

दुसऱ्या बाटलीचे नाव देत नाही. तिच्यावर आत्याबाईंचा शेरा असा: “हे लागलंय. वर खोबऱ्याची वडी कुस्करून झाकलंय.” आम्ही अर्धा तास थांबलो. थंडपणाने चव झाकली जाते, म्हणून पेला कोमट होऊ दिला. (बर्फगार बिअरची आपल्याकडील सवय येथे उपयोगाची नाही.) लाकूड किंचित मागे सरले, पण मागे जव सापडेना. ते पिंपाचे पाणी होते. आजकाल पिंपाचे नाव लेबलावर मोठ्या अक्षरांत छापतात; संपादकाच्या प्रस्तावनेवर खपणारे काव्यसंग्रह आम्हांला आठवले.

असे पिंप हैदराबादेत ठेवता येईल काय, असे एकाने विचारले. स्कॉटलंडमध्ये पिंपातील व्हिस्की वर्षाला साधारण २ टक्के उडून जाते. बंगळुरूत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे जाते. व्हिस्की हा उष्मा सोसते आणि लवकर मुरते. बिअर मात्र नासण्याचे भय असते. खुद्द बोर्बन काउंटीच्या २०१५च्या काही बाटल्या जिवाणूंमुळे आंबल्या आणि कंपनीने त्या परत मागविल्या. तेव्हापासून बिअर पाश्चरीकरण करून भरली जाते. आमच्या उन्हाळ्यात शीतगृहाशिवाय हा उद्योग करू नये.

उठण्यापूर्वी पुतण्याने वही पुढे केली. इंग्रजी टिपणांच्या खाली त्याने देवनागरीत, थोड्या वाकड्या अक्षरांत, ‘लागलेली नाही’ असे लिहिले होते. याचे इंग्रजी काय करावे, असे त्याने विचारले. आम्हांला सांगता आले नाही.