युद्ध, परिचर्या आणि स्पर्श : ऐतिहासिक कादंबरीतील एक रिकामी जागा

युद्धकाळातील परिचारिका हा ऐतिहासिक कादंबरीला सहज मानवणारा विषय वाटतो. मृत्यूची निकटता, घरापासूनचे दूरत्व, अनोळखी पुरुषाची शुश्रूषा करणारी तरुण स्त्री हे घटक कथानकाला आयतेच नाट्य पुरवतात. या आयतेपणातच विषयाची खरी अडचण आहे. हेमिंग्वे यांच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ (१९२९) मध्ये कॅथरीन बार्कली परिचारिका आहे. परंतु निवेदक जखमी फ्रेडरिक हेन्री असल्याने तिचे काम त्याच्या खाटेपुरतेच दिसते आणि लवकरच प्रेमकथेत विरून जाते. याच महायुद्धावरील व्हेरा ब्रिटन यांच्या ‘टेस्टामेंट ऑफ यूथ’ (१९३३) या आत्मकथनात परिचारिका स्वतःच बोलते. त्यामुळे लंडन, माल्टा आणि फ्रान्समधील रुग्णालयांतले श्रम, तसेच जर्मन जखमींची सेवा करताना शत्रुत्वाच्या कल्पनेला गेलेला तडा, हा कथनाचा गाभा होतो. दोन संहितांमधील हा फरक केवळ वाङ्मयप्रकाराचा नाही. तो कथनकेंद्राचा आहे.

लुकाच यांनी ‘ऐतिहासिक कादंबरी’ (१९३७) या ग्रंथात स्कॉटच्या मध्यम प्रतीच्या नायकाचे महत्त्व विशद केले. परस्परविरोधी गटांमध्ये वावरणारी ही व्यक्तिरेखा इतिहासातील संघर्ष मानवी पातळीवर दृश्य करते. अधिकारी आणि शिपाई, स्वकीय आणि शत्रू या साऱ्यांशी देहाच्या पातळीवर संबंध येणारी परिचारिका या भूमिकेला सर्वाधिक पात्र ठरावी. तसे सहसा घडत नाही, कारण तिच्या कामात ‘घटना’ नसते, क्रम असतो. जखम धुणे, कूस बदलणे, ताप पाहणे, रात्रपाळी, आणि पुन्हा तेच. अनेकदा घडलेले एकदाच सांगणाऱ्या ज्या पुनरावर्ती कथनाची चर्चा जेरार जेनेत करतात, त्याचीच येथे गरज असते. मराठी ऐतिहासिक कादंबरीची घडण मात्र बखरीच्या वळणाने आणि थोर पुरुषाभोवती झाली. ‘स्वामी’ (१९६२) पासून ‘पानिपत’ (१९८८) पर्यंत मोहीम, मसलत आणि वीरमरण हे तिचे सांधे राहिले.

याचे परिणाम दूर जाऊन पोहोचतात. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस मराठी मनात चिरस्थायी झाले. त्यांच्या पत्नी ग्वो छिंगलान या स्वतः प्रशिक्षित परिचारिका, बेथ्यून यांच्या नावाच्या संस्थेत परिचर्या शिकवणाऱ्या. व्ही. शांताराम यांच्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) या हिंदी चित्रपटात जयश्रींनी रंगवलेली ही व्यक्तिरेखा लोकांच्या स्मरणात राहिली ती नायकाची प्रेयसी आणि पत्नी म्हणून. पुढे त्यांचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्याचेही शीर्षक कोटणीसांबरोबरच्या आयुष्याचाच निर्देश करते. १९४३ मध्ये सिंगापुरात उभ्या राहिलेल्या झाशी राणी पलटणीबाबतही हेच दिसते. तिच्यातील अनेक स्त्रियांनी ब्रह्मदेशात मेम्यो येथे जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. परंतु स्मृतीत कोरली गेली ती बंदूकधारी स्त्री. विश्वास पाटील यांच्या ‘महानायक’ (१९९८) सारख्या चरित्रात्मक कादंबरीचे केंद्र शीर्षकातच ठरलेले असते.

मराठी लेखकापुढे याहून मूलगामी प्रश्न स्पर्शाचा आहे. परिचर्या म्हणजे परक्या देहाच्या रक्ताशी, पुवाशी, मलमूत्राशी नित्याचा संबंध. जातिव्यवस्थेने नेमके हेच विटाळाच्या कक्षेत टाकले. म्हणूनच १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने, हिंदू स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात पाठवणे हे सामाजिक धाडस होते. त्याआधी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले मृत्यू पावल्या, तेव्हा स्पर्शाचा हा प्रश्न प्राणांच्या मोलाने मांडला गेला होता. पुढे १९४३ च्या अध्यादेशाने लष्करी परिचारिकांना अधिकाऱ्याचा दर्जा दिला. हुद्दा वरचा आणि काम ‘विटाळाचे’, हा अंतर्विरोध कोणत्याही प्रेमकथेपेक्षा अधिक कादंबरीक्षम आहे. पाश्चात्त्य प्रणयकथेचा साचा तसाच उचलणारी कादंबरी नेमका हाच अंतर्विरोध गमावते.

या दृष्टीने वेंगुर्ले हे कल्पनाशक्तीला आवाहन करणारे स्थळ आहे. डच वखारीचे हे जुने बंदर आंबोली घाटाने बेळगावच्या छावणीशी जोडलेले. बेळगाव हे मराठा पलटणीचे केंद्र, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तीही तेथेच. वेंगुर्ल्यातच अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचे वैद्यकीय कार्य चालत होते. तेथील मिशनरी डॉक्टर गोहीन यांचे १९१९ मध्ये येथे जन्मलेले पुत्र पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि भारतातील अमेरिकेचे राजदूत झाले. अशा रुग्णालयांची स्मृती बहुधा डॉक्टरांच्या नावाने अशी टिकते. मिशनच्या वॉर्डात शिकलेली, बोली मालवणी असलेली एखादी ख्रिस्ती परिचारिका लष्करी इस्पितळात मराठा आणि महार जखमींच्या खाटांमध्ये उभी आहे, अशी कल्पना केली तर लुकाचप्रणीत मध्यम व्यक्तिरेखा या किनाऱ्यावरच सापडते.

तिच्यासाठी निवेदनाची रीतही परकी नाही. याच तालुक्यातील आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘सारे प्रवासी घडीचे’ (१९६४) मध्ये गावातील माणसे उभी केली ती पराक्रमातून नव्हे, तर नित्याच्या सवयींतून, खोडींतून, बोलण्याच्या लकबींतून. त्या कथनाचा विनोदी सूर युद्धाच्या विषयाला पुरणार नाही. परंतु नित्यक्रमातून माणूस आणि काळ दोन्ही दाखवण्याची क्षमता मराठी गद्यात आहे, एवढे त्यातून सिद्ध होते. युद्धकाळातील परिचारिकेची मराठी कादंबरी लिहिली जाईल, तेव्हा तिची कसोटी कागदपत्रांच्या विपुलतेवर लागणार नाही. रणांगणावरचा एक दिवस आणि वॉर्डातल्या हजार रात्री यांपैकी इतिहास कशाला म्हणायचे, याचे उत्तर ती आपल्या रचनेतून देते की नाही, यावर ती लागेल.