मान पुढे करणारी दया

‘दो आँखें बारह हाथ’मध्ये एक दाढी आहे. दाढी करणारा जालिया धंद्याने न्हावी, खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा भोगणारा. दाढी करून घेणारा आदिनाथ, त्याचा जेलर. वस्तरा गळ्यापाशी येतो आणि प्रेक्षकाचा जीव वर-खाली होऊ लागतो. प्रसंग छोटासा आहे, पण व्ही. शांतारामांना या चित्रपटातून जे सांगायचं होतं ते सगळं त्यात आलं, असं मला दर वेळी वाटतं.

वरवर पाहता परीक्षा आदिनाथच्या धैर्याची आहे. नीट पाहिलं तर परीक्षा जालियाची चालली आहे. तुरुंगात आल्या दिवसापासून त्याचे हात म्हणजे धोका, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. त्यानेही ते मान्य करून टाकलेलं. आणि आज कुणीतरी त्याच हातांत वस्तरा देऊन डोळे मिटून बसलं आहे. आदिनाथ त्याला ‘मी तुला माफ केलं’ असं म्हणत नाही. तो त्याचा धंदा त्याला परत देतो. माफीत देणारा उंचावर असतो आणि घेणारा पायाशी. इथे देणाऱ्याची मान घेणाऱ्याच्या हातात आहे. दयेची ही तऱ्हा आपल्या सिनेमात क्वचितच दिसते. देणाऱ्याला काही गमवावं लागण्याची शक्यता नसेल तर कठोर माणूस त्या दयेवर विश्वास ठेवत नाही, हे या दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक आहे.

चित्रपट १९५७चा, राजकमल कलामंदिरचा. भाषा हिंदी, पण घडण मराठी मातीतली. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत देसाईंचं, तुरुंगाधिकारी बाबूराव पेंढारकर, कॅमेरा जी. बाळकृष्ण यांचा, गीतं तेवढी भरत व्यासांची. ‘झनक झनक पायल बाजे’चे भडक रंग उधळून दोन वर्षं होतात न होतात तोच शांताराम कृष्णधवलकडे वळले, आणि ते बरं झालं. माळरान, खडक, उघड्या पाठी, घाम यांना रंगाची गरज नव्हती. बर्लिनच्या महोत्सवात १९५८मध्ये या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं, राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळालं. पण त्याचं मूळ बर्लिनपासून फार दूर, माणदेशात आहे.

औंध हे तेव्हाचं एक छोटं संस्थान, बहात्तर गावांचं, तेही सलग नव्हे; इथे चार गावं, तिथे चार गावं असं विखुरलेलं. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, खटाव तालुक्यात येते. संस्थानचा आटपाडी महाल आज सांगली जिल्ह्यात. राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते, स्वतः चित्रकार, चित्रसंग्रहाचे शौकीन. गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी १९३९मध्ये आपली सत्ता प्रजेच्या हवाली करणारी राज्यघटना दिली. आपणहून खुर्ची सोडणारा राजा हीच मुळात नवलाची गोष्ट. त्यांच्याकडे येऊन राहिला होता मॉरिस फ्रीडमन नावाचा पोलंडचा ज्यू इंजिनिअर. भगवी वस्त्रं घेऊन तो स्वामी भारतानंद झाला होता, आणि पुढे कैक वर्षांनी मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी संवादांचं ‘आय अ‍ॅम दॅट’ हे इंग्रजी पुस्तक त्याच्याच हातून तयार झालं. या माणसाने राजाकडे मागणी केली ती कैद्यांची. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्यांना भिंतीबाहेर काढू, जमीन देऊ, बायकापोरांसकट राहू देऊ. राजाने होकार दिला. आटपाडीजवळच्या त्या वसाहतीचं नाव ठेवलं स्वतंत्रपूर.

माडगूळकर त्याच मुलखाचे. जन्म शेटफळ्याचा, गाव माडगूळ, वडील औंध संस्थानात कारकून, शाळेची काही वर्षं औंधात गेलेली. स्वतंत्रपूरची गोष्ट त्यांना वर्तमानपत्रातून कळलेली नव्हती. ती त्यांच्या घरामागची होती. नुकतंच आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ गाजवून बसलेला हा कवी जेव्हा सहा खुन्यांची गोष्ट लिहायला घेतो, तेव्हा ती पुराणासारखी सोपी, ठसठशीत होते. एक माणूस, सहा राक्षस, एक उजाड रान. चांगल्या कीर्तनकाराच्या आख्यानाची ही बांधणी. गुंतागुंत नाही म्हणून कुणी नाक मुरडील. मला ती मुद्दाम ठेवलेली वाटते, कारण साध्या सांगाड्यामुळेच लहानसहान कृती मोठ्या दिसू लागतात.

त्यातली पहिली कृती म्हणजे शेत. आदिनाथ या सहा जणांना सुधारण्यासाठी देवळात किंवा शाळेत नेत नाही, पडीक रानात नेतो. माणदेश ज्याने पाहिला आहे त्याला या निवडीचा अर्थ लगेच कळेल. पावसाळी ढग सह्याद्रीवर मोकळे होतात आणि इकडे कोरडेच येतात. माणगंगा बरेच महिने वाळूची. कुसळं, दगड, मेंढरं आणि पोटासाठी मुलूख सोडणारी माणसं. आता टेंभू योजनेमुळे कृष्णेचं पाणी आटपाडीच्या शिवारात पोचलं, डाळिंबाच्या बागा उठल्या; पण त्या काळी ही जमीन स्वतःच जन्मठेप भोगत होती. अशा जमिनीतून पीक काढायचं तर आधी दगड वेचावे लागतात, एकेक, वाकून. पडद्यावर हे काम चालतं तेव्हा चित्रपटाच्या नावातले बारा हात खऱ्या अर्थाने दिसू लागतात. गुन्हा क्षणात होतो; दगड वेचायला महिने लागतात. घाईने उठलेल्या हातांना सावकाशीची सवय लावणं हीच त्या शेतावरची शाळा.

म्हणून पावसाचं गाणं इतकं खुलतं. ढग दाटून येतात, लता आणि मन्ना डे यांचे स्वर चढतात, आणि माणसं नाचू लागतात. हिंदी सिनेमात पाऊस बहुधा प्रेमिकांसाठी पडतो. इथे तो पेरणी करून बसलेल्यांसाठी पडतो. आभाळाकडे डोळे लावून बसणं हे शेतकऱ्याचं लक्षण. ते ज्या दिवशी या सहा जणांत आलं त्या दिवशी ते कैदी उरले नाहीत, हे शांताराम संवादात सांगत नाहीत, भिजवून दाखवतात.

आता नावातले दोन डोळे. कैदी एकदा पळून जातात, आणि आदिनाथचे डोळे त्यांचा पिच्छा सोडत नाहीत. ते परत येतात. आजच्या प्रेक्षकाला इथे खटकू शकतं. भिंत काढली, साखळी काढली, आणि त्या जागी नजर बसवली. मग हे स्वातंत्र्य कसलं? हरकत खोटी नाही. पण चित्रपट पुढे सरकतो तसा त्या डोळ्यांचा अर्थ बदलत जातो. सुरुवातीला तो धाक आहे: जेलर बघतोय. मग ती लाज होते: ज्याने आपल्यासाठी शब्द टाकला त्याला काय तोंड दाखवायचं? आणि अखेरीस ती ओढ होते: ते डोळे आपल्याकडे बघत नसतील तर कसं व्हायचं? धाक, लाज, ओढ या तीन पायऱ्या मला या पटकथेची सर्वांत बारीक कारागिरी वाटते. निगरगट्ट माणसाला पहिल्या दिवशी प्रेम कळत नाही, त्याला धाकच कळतो. आदिनाथ त्याच्या भाषेतून सुरुवात करतो आणि हळूहळू भाषा बदलतो.

या बदलाचा कस लागतो तो बाजारात. शेतावरचा भाजीपाला घेऊन कैदी बाजारात बसतात, रास्त भावाने विकतात, आणि जम बसलेल्या व्यापाऱ्याचं पित्त खवळतं. मारहाण होते. हे सहा जण मनात आणलं तर बाजार उधळून लावतील असे. पण आदिनाथला दिलेल्या शब्दाखातर हात उचलत नाहीत. सत्याग्रहाच्या कितीतरी कथा आपण ऐकल्या, त्यात मार खाणारे बहुधा आधीपासूनच सज्जन असतात. इथे मार खाणारे खुनी आहेत, आणि त्यांचा न उठलेला हात हा त्यांच्या आयुष्यातला पहिला स्वतःच्या इच्छेने घेतलेला निर्णय आहे. शेतावर हात कामाला लागले होते, बाजारात ते थांबायला शिकले. मला दुसरी गोष्ट अधिक अवघड वाटते.

एका कैद्याची म्हातारी आई आणि लहान मुलं शेतावर येतात, तो भागही असाच मोलाचा. तोवर पडद्यावर फक्त पुरुष, खडक आणि शिस्त. मुलं आल्यावर त्या घराला घरपण येतं. वसंत देसाईंनी बांधलेली आणि पुढे शाळाशाळांतून म्हटली गेलेली प्रार्थना याच वातावरणात फुलते. तिची चाल इतकी सरळ आहे की सहा बेसूर गळ्यांनाही ती म्हणता यावी. हेच तिचं यश. मोठ्या गवयाची चीज तिथे उपरी वाटली असती.

दोषही सांगायला हवेत, कारण रसिकाने आंधळं होऊ नये. आदिनाथ मधूनच भाषणाच्या सुरात बोलू लागतो. पन्नाशी ओलांडलेले शांताराम तरुण जेलर म्हणून पटवून घ्यावे लागतात. व्यापारी इतका उघड दुष्ट आहे की त्याच्याविषयी विचार करण्याची गरजच पडत नाही. संध्याची खेळणी विकणारी चंपा रानात किणकिण आणते, खट्याळपणा आणते, पण तिचं पात्र गाण्यांच्या आधारावर उभं आहे. मात्र यांतला एकही दोष चित्रपटाच्या गाभ्याला लागत नाही. ते सगळे वरच्या सालीचे.

शेवट बैलांचा. उभ्या पिकावर मोकाट बैल सोडले जातात आणि ते वाचवताना आदिनाथ जीव गमावतो. आटपाडी महालच्या खिल्लाराचं देशभर नाव आहे, तेव्हा या मुलखाच्या लेखकाने संकट म्हणून बैल निवडावा यात नवल नाही: ज्याच्या जिवावर शेती, तोच शेतीवर चालून येतो. या झुंजीच्या चित्रीकरणात बैलाचा मार लागून शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली, डोळ्यांवर पट्टी बांधून काळोखात पडून राहावं लागलं, आणि त्यातून उठल्यावर त्यांनी ‘नवरंग’ केला. योगायोग विलक्षण खरा. पण पडद्यावरची झुंज भिडते ती वेगळ्या कारणाने. पहिल्यापासून आदिनाथ स्वतःला पणाला लावत आला आहे, आधी नोकरी, मग वस्तऱ्याखाली मान. बैलांसमोर तो उरलेलं देऊन टाकतो, एवढंच. त्याचं मरण म्हणून लादलेलं वाटत नाही; हिशेबाची ती शेवटची ओळ आहे.

इथे चित्रपट आणि स्वतंत्रपूर यांची वाट वेगळी होते. पडद्यावर करुणेची किंमत कळायला आदिनाथला मरावं लागलं. आटपाडीत तसा कुणी हुतात्मा लागला नाही. १९४८मध्ये औंध संस्थान विलीन झालं, १९५१मध्ये भवानराव गेले, १९७६मध्ये फ्रीडमन गेला. ज्या जिल्ह्यात आटपाडी आली तो आधी दक्षिण सातारा होता, १९६०मध्ये त्याचं नाव सांगली झालं. एवढं सगळं बदललं तरी वसाहत राहिली, राज्याच्या तुरुंग खात्याची खुली वसाहत म्हणून. मोजके कैदी, त्यांची कुटुंबं, शेती. कुणाचे डोळे पाठीवर नाहीत. पळून जायचं म्हटलं तर आड यायला भिंतही नाही. आड येते ती शाळेत निघालेली पोरगी आणि पाण्याला आलेलं पीक. माणूस सुधारायला त्याच्यावर कुणाची नजर असावी, असं चित्रपट म्हणतो. त्याच्यावर कुणीतरी अवलंबून असावं, असं स्वतंत्रपूर म्हणतं. म्हातारी आणि मुलं शेतावर आणून माडगूळकरांनी दुसऱ्या उत्तराचीही जागा करून ठेवली आहे, ही त्यांच्या लेखणीची समज.

म्हणूनच हल्ली हा चित्रपट पाहताना माझं लक्ष आदिनाथपेक्षा बाबूराव पेंढारकरांच्या तुरुंगाधिकाऱ्याकडे जास्त जातं. त्याला या खुळावर फारसा भरवसा नाही. सहा खुनी मोकळे सुटून काही बरंवाईट झालं तर जाब त्यालाच द्यावा लागणार. तरीही तो परवानगी देतो. त्याच्या वाट्याला ना प्रार्थना ना झुंज, प्रेक्षकाच्या लक्षातही तो फारसा राहत नाही. प्रत्यक्षात ही भूमिका औंधच्या राजाने केली होती: कल्पना दुसऱ्याची, सही त्याची, आणि फसली असती तर बदनामीही त्याचीच. आदिनाथ पिढीत एखादाच निघतो, त्याची वाट पाहत बसलो तर तुरुंगाच्या भिंती तशाच राहतील. जोखीम स्वतःच्या नावावर घेऊन कागदावर सही करणारे मात्र पुष्कळ निघू शकतात, आणि कठोर माणसाला दुसरं आयुष्य मिळतं ते बऱ्याचदा त्या सहीतून.