पाटीवर नसलेले वादक

मराठी मालिका संपताना भरभर सरकणाऱ्या पाट्या एकदा थांबवून वाचून पाहाव्यात. वेशभूषा, केशभूषा, रंगभूषा, या सगळ्यांचे सहायक, जनरेटर, वाहनव्यवस्था, खानपान अशी नावं ओळीनं येतात, आणि ती यायलाच हवीत. शीर्षकगीताचे गीतकार, संगीतकार, गायकही असतात. पण त्याच गीताच्या सुरुवातीला ज्या बासरीनं आपल्याला स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आणलं, ती वाजवली कुणी, हे बहुतेक पाट्यांवर सापडत नाही. जेवण कुणी पुरवलं ते कळतं; सूर कुणी लावला ते कळत नाही.

शीर्षकसंगीताचा विषय निघाला की आपण लगेच आठवणींत शिरतो. रविवारची सकाळ, ओस रस्ते, ज्या घरी टीव्ही त्या घराच्या दारात चपलांचा ढीग. हे सगळं खरं आहे, पण या स्मरणरंजनात कलेचा हिशेब राहून गेला. शीर्षकसंगीत ही कारागिरी आहे. तिला तिचे नियम आहेत, आणि आज ती जिथे येऊन थांबली आहे त्यालाही कारणं आहेत.

आधी नियम. चित्रपटगीताला मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा असा ऐसपैस संसार मांडता येतो. इथे जेमतेम मिनिटभरात आटोपायचं असतं आणि पहिल्या चार सुरांत ओळख पटावी लागते. शिवाय तीच धून आठवड्याला, पुढे तर रोज ऐकवायची असते. म्हणजे ती चटकन लक्षात राहिली पाहिजे, पण तिचा कंटाळा मात्र लवकर येता कामा नये. या दोन अटी एकमेकींशी भांडतात. तिसरी अट यंत्राची. १९८० च्या दशकातल्या टीव्हीच्या खोक्यात छोटासा स्पीकर असे आणि त्यातून खर्ज धड ऐकू येत नसे. त्या काळच्या धुनांत सनई, सतार, बासरी, व्हायोलिन आणि समूहस्वर इतके का भेटतात, याचं एक कारण मला तिथे दिसतं. मधल्या आणि वरच्या सप्तकातले हे आवाज कुकरच्या शिट्टीवर मात करून शेजारच्या खोलीपर्यंत पोचत.

ही वाट आधी रेडिओनं घालून दिली होती. आकाशवाणीची ओळखधून वॉल्टर कौफमान यांची. बोहेमियातून आलेला हा ज्यू संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत उतरला आणि १९४६ पर्यंत इथे राहिला. खाली तानपुरा, वर शिवरंजनीच्या छायेतलं व्हायोलिन, एवढाच त्या धुनेचा पसारा. ते व्हायोलिन मेहली मेहता यांचं, असं सांगितलं जातं. देशानं पहाटे पहाटे सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं हे वादन, आणि वादकाचं नाव ‘असं सांगितलं जातं’ या तीन शब्दांवर तरलेलं. दूरदर्शन १९७६ मध्ये आकाशवाणीपासून वेगळं झालं. त्याच्या ओळखधुनेशी पं. रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ अशी दोन नावं जोडलेली आहेत. पहिलं सगळ्यांना ठाऊक असतं, दुसरं सांगावं लागतं.

मालिका सुरू झाल्या तेव्हा दूरदर्शनकडे या कामाचा साचा नव्हता, आणि ते बरंच झालं. १९८४ च्या ‘हम लोग’साठी अनिल विश्वास आले, म्हणजे चित्रपटसंगीताच्या आद्य फळीतला माणूस. ‘मालगुडी डेज’ला एल. वैद्यनाथन यांनी शब्दांना फाटाच दिला. आर. के. लक्ष्मण यांची रेखाचित्रं पडद्यावर सरकत असताना एक आवाज नुसती निरर्थक अक्षरं गुणगुणतो. कर्नाटक संगीतात मुरलेल्या घरातल्या या संगीतकारानं भाषेचा अडसरच काढून टाकला. दक्षिणेतल्या काल्पनिक गावाची ती धून सोलापूरच्या पोरालाही शाळेच्या वाटेवर म्हणता आली. बी. आर. चोप्रांच्या ‘महाभारता’त राजकमल यांनी नेमकी उलटी वाट धरली. महेंद्र कपूर यांचा चढा आवाज आणि मागे सगळा वाद्यमेळ, जणू देवळाचा दरवाजा धाडकन उघडावा. नाजूकपणा त्यात औषधालाही नाही, पण प्रसंगाला तो शोभतो.

माझ्या मते या सगळ्यांत उंच जागा वनराज भाटियांची. श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ (१९८८) या ५३ भागांच्या मालिकेचा आरंभ ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तानं होतो. आधी संस्कृत, मग हिंदी. हिंदी अनुवाद वसंत देव यांचा. सृष्टीच्या आधी काय होतं, या प्रश्नाला चाल लावायची म्हणजे भल्याभल्यांची परीक्षा. भाटिया लंडनच्या रॉयल अकॅडमीत शिकलेले, पुढे पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे घडलेले. त्यांनी सूक्ताला भजन होऊ दिलं नाही आणि भीतिदायकही केलं नाही. समूहस्वरांचे थर एकावर एक येतात, ताल उशिरा भरतो आणि प्रश्न शेवटपर्यंत प्रश्नच राहतो. घरोघरी हे आठवड्यामागून आठवडे ऐकलं गेलं. एवढ्या अवघड विचाराला एवढा मोठा श्रोतृवर्ग क्वचितच मिळाला असेल.

आता एक जोड पाहण्यासारखी आहे. हेच भाटिया लिरिल साबणाच्या जाहिरातीच्या धुनेचे कर्ते. मराठीत शीर्षकगीत ज्यांच्या नावाशी एकजीव झालं ते अशोक पत्की हेही जिंगलच्या दुनियेत घडलेले. हा योगायोग नव्हे. तीस सेकंदांत माल विकायची सवय झालेला संगीतकारच मिनिटभरात मालिका उभी करू शकतो. पत्कींचं ‘गोट्या’चं शीर्षकगीत घ्या, किंवा १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठीवर सुरू झालेल्या ‘आभाळमाया’चं, गीत मंगेश कुळकर्णी, स्वर देवकी पंडित. ही चाल भावगीताच्या अंगानं जाते, पण भावगीताची ऐसपैस बैठक मारत नाही. दोन ओळींत आईचं वात्सल्यही येतं आणि मालिकेचा सूरही लागतो. तरीही ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ची गोष्ट आठवते. १९८८ च्या स्वातंत्र्यदिनी देशानं ते पहिल्यांदा ऐकलं. भीमसेनांचा चेहरा सगळ्यांच्या मनात कोरला गेला. संगीत अशोक पत्की आणि लुई बँक्स यांचं, हे मात्र कितीतरी मराठी माणसांना फार उशिरा कळलं. संगीतकाराचं हे, तर त्या ध्वनिमुद्रणातल्या वादकांचं काय?

मुंबईच्या वादकांची व्यवस्था मुळात चित्रपटांनी उभी केली. जाहिराती आणि मालिकांनी तीच वापरली. निरोप यायचा, वादक पेटी उचलून तारदेवच्या किंवा काळाघोड्याच्या स्टुडिओत हजर व्हायचा, समोर नोटेशन यायचं, एक-दोन तालमी, टेक, की पुढचं ध्वनिमुद्रण गाठायला टॅक्सी. चाल कुणाची, मालिका कुठली, हे कधी कधी त्यालाही ठाऊक नसायचं. या व्यवस्थेत गोव्याच्या वादकांचा वाटा मोठा होता, कारण चर्चला जोडलेल्या शाळांत त्यांना लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जाई आणि समोरचा कागद ते पाहता क्षणी वाजवू शकत. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. त्यांचं नाव देशाला कळलं ते १९७७ च्या एका धमाल चित्रपटगीतातून, शिष्यानं गुरूला केलेल्या नमस्काराच्या रूपानं. गाणं तोंडातोंडी झालं. हे नाव खऱ्या माणसाचं आहे हे कळायला फार वर्षं गेली. न्यूझीलंडच्या ग्रेगरी बूथ या अभ्यासकानं मुंबईत येऊन या वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. इतकं घरचं काम बाहेरच्या माणसाला करावं लागलं, ही टोचणी आपण बाळगायला हरकत नाही.

बाहेर सगळं आलबेल होतं असं नाही. अमेरिकेतही पाट्यांवर वादकांची नावं नसत. ‘मिशन इम्पॉसिबल’ची धून लालो शिफ्रिन यांची, १९६६ ची. पाच ठोक्यांचा हा ताल अर्ध्या मात्रांनी मोजला तर दहा भरतात, पण झपतालासारखे २-३-२-३ न पडता ३-३-२-२ असे पडतात. ती अस्वस्थ धाव तिथून येते. तिला जमिनीवर धरून ठेवणारी बास गिटार कॅरल के यांची. त्याआधी १९५८ मध्ये हेन्री मॅन्सिनींच्या ‘पीटर गन’ला पियानोवर बसलेला तरुण म्हणजे पुढचे जॉन विल्यम्स. हे आज सांगता येतं, कारण तिथल्या वादक संघटनेच्या शिरस्त्यानुसार प्रत्येक ध्वनिमुद्रणाचं करारपत्र भरलं जाई. त्यावर कोण आलं, किती वेळ वाजवलं आणि काय मोबदला ठरला हे लिहिलेलं असे. मुद्रण पुन्हा दुसरीकडे वापरलं तर त्याच कागदावरून पुन्हा पैसे मिळत. नावाची कदर म्हणून हा कागद जपला नव्हता. पैशासाठी जपला आणि त्याबरोबर इतिहासही जपला गेला.

ब्रिटनची गोष्ट जास्त बोलकी आहे. १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’साठी रॉन ग्रेनर यांनी चाल लिहून दिली. बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बीशर यांनी एकेक सूर वेगळा मुद्रित केला. कुठे छेडलेल्या एका तारेचा, कुठे ध्वनिकंपन निर्माण करणाऱ्या यंत्राचा. मग टेपचे तुकडे कापून, वेग कमीजास्त करून, हातानं जोडून धून उभी केली. ग्रेनर इतके थक्क झाले की श्रेय वाटून घ्यायला तयार होते. बीबीसीच्या नियमात ते बसलं नाही, कारण डर्बीशर नोकरीत होत्या. त्या २००१ मध्ये वारल्या. पडद्यावर त्यांचं नाव पहिल्यांदा आलं ते २०१३ मध्ये, मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी भागात.

हे उदाहरण आणखी एका कारणानं लक्षात ठेवायला हवं. आजच्या शीर्षकसंगीताबद्दलची नेहमीची तक्रार अशी, की संगणक आला आणि कला गेली. डर्बीशर यांची धून संपूर्ण यंत्रावरच घडलेली आहे. तेव्हा यंत्र दोषी नाही. दोष वेळेच्या कंजुषीचा आहे. आज वाहिनीला गीत चार दिवसांत हवं असतं, म्हणून बासरी की-बोर्डवरून येते, व्हायोलिनचा ताफा तयार नमुन्यांच्या संचातून. प्रत्यक्ष वादक आलाच तर एकटा येतो, ट्रॅकवर वाजवतो आणि जातो. पाच जण एका खोलीत बसले असताना एकानं जरा मागे रेंगाळावं, दुसऱ्यानं त्याला सावरून घ्यावं, हे घडायला जागाच उरत नाही. शब्दांचंही तसंच. बरीच शीर्षकगीतं कथानकाची जाहिरात करण्यात इतकी गुंतलेली असतात की चालीला श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि एवढं करून पहिल्या काही भागांनंतर त्या गीताचं शेपूटच तेवढं वाजतं. ओटीटीवर तर २०१७ पासून नेटफ्लिक्सनं ते ओलांडून जाण्याचं बटणच दिलं आहे. जे ओलांडलंच जाणार, त्यावर खर्च कोण करणार? म्हणून खर्च होत नाही, आणि खर्च होत नाही म्हणून ओलांडलं जातं. चांगलं काम आजही होतं. पण ते संगीतकाराच्या हट्टातून होतं, व्यवस्थेतून नव्हे.

कायद्यानंही वादकाला अर्धवटच जवळ केलं. स्वामित्वहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार आणि संगीतकारांच्या रॉयल्टीला बळ दिलं. कलाकाराच्या सादरीकरणाचे हक्कही वाढले. पण ‘सादरकर्ता’ या शब्दाच्या व्याख्येला एक पुरवणी जोडली आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि व्यवसायाच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच दिलं जात नाही, त्याला काही अपवाद सोडता सादरकर्ता मानू नये. ही पुरवणी वादकांसाठी लिहिलेली नाही, आणि शीर्षकधुनेतली बासरी किरकोळ आहे असं कुणी शहाणा म्हणणार नाही. तरी तिचा तर्क पाहा. नाव द्यायचा रिवाज नाही, हीच हक्क नाकारण्याची एक अट. म्हणजे पाटी ही केवळ मानाची बाब उरत नाही. पाटीवर नाव असणं हा उद्या हक्काचा पुरावा ठरू शकतो.

म्हणून मागणी साधी आहे, आणि ती सरकारकडे नाही. नव्या मालिकेच्या निर्मात्यांनी शीर्षकगीतात वाजवणाऱ्यांची नावं पाटीवर द्यावीत. जुन्या मालिका इंटरनेटवर पुन्हा चढवणाऱ्यांनी, संगीतकारांकडून आणि अरेंजरांकडून विचारून घेऊन, निदान खालच्या वर्णनात ती लिहावीत. १९८० च्या दशकात वाजवणारे बरेच जण आज सत्तरी-ऐंशीत आहेत. त्या दिवशी माइकजवळ कोण बसलं होतं, हे त्यांना आठवतं. तुमच्या इमारतीत, तुमच्या वाड्यात असा कुणी वादक असेल तर त्याला विचारा आणि वहीत तारखेसह उतरवून ठेवा. आणि वाहिन्यांनो, खानपानाच्या ओळीखाली अजून एका ओळीला जागा आहे.